"मला चढलीच नाही" म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या शरीरात दारू काय करते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सोळा वर्षांचा, मित्राच्या वाढदिवसाला गेला, तीन बिअर पिऊन घरी आला, तुम्हाला वासावरून कळलं, विचारल्यावर म्हणाला "बिअर म्हणजे काय दारू थोडीच आहे, बाकीचे दोघं ओकत होते, मला तर चढलीच नाही." आणि त्याचे बाबा म्हणतायत की बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात आपल्यासमोर घेऊ दे थोडीशी, लिमिट तरी कळेल. तुम्हाला विचारायचंय की शरीरात नक्की काय होतं, या वयात ते जास्त वाईट का, आणि घरी द्यावी का. लिव्हरची टेस्ट करून घेऊ का असंही शेवटी विचारलंय, त्याचंही सांगतो.

मी आधी काही वर्षं कॅज्युअल्टीत काढली, नंतरची वीसेक वर्षं व्यसनमुक्तीत. म्हणजे पहिल्यांदाच प्यायलेली पोरं स्ट्रेचरवरून आत येताना पाहिलीत आणि तीस वर्षं प्यायलेली माणसं दुसऱ्याच्या खांद्याला धरून येतानाही पाहिलीत. दोघांच्याही तोंडी एक वाक्य हमखास, "मला काही होत नाही हो डॉक्टर." म्हणून मी तुमच्या मुलाच्या त्या "चढलीच नाही"पासूनच सुरुवात करणार आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, कदाचित थोडं हायसंही वाटलं असेल तुम्हाला, मला मात्र सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आधी बिअरचा हिशोब संपवू. शरीराला बाटलीचं लेबल वाचता येत नाही, त्याला फक्त इथेनॉल किती ग्रॅम आलं एवढंच कळतं. ३३० मिलीची ५ टक्केवाली बिअर, म्हणजे साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल, ते पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून वजनात साधारण १३ ग्रॅम. अशा तीन म्हणजे ३९ ग्रॅम. आता ४० टक्केवाल्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग घ्या, त्यात साधारण १९ ग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलाने दोन लार्ज पेग मारले, फक्त ते पाण्यात विरघळवून, थंड करून, फेस आणून प्यायला. आणि बिअर स्ट्राँग असेल, ८ टक्के, तर तेच तीन लार्जच्याही वर जातं. त्याला व्हिस्कीचे तीन लार्ज कोणी पुढे केले असते तर तो कदाचित घाबरला असता, बिअरला कोणी घाबरत नाही हीच गोची आहे.

"त्याला दारू पचते" असं आपण सहज म्हणतो ना, तर दारू पचवावी लागतच नाही. भाकरी, डाळ, मटण काहीही खा, ते आधी फोडावं लागतं मग आत घेता येतं, अल्कोहोलचा रेणू इतका लहान आणि पाण्यातही विरघळणारा आणि चरबीतही विरघळणारा, की तो जसाच्या तसा भिंतीतून आरपार जातो. थोडा पोटातून, बहुतेक सगळा लहान आतड्यातून. उपाशीपोटी पाच-दहा मिनिटांत मेंदूपर्यंत. पोट भरलेलं असेल तर अन्न पुढे सरकायला वेळ लागतो म्हणून दारूही हळू चढते, गॅसवालं ड्रिंक असेल तर उलट लवकर. पण हळू चढणं म्हणजे कमी चढणं असं समजू नका, वाट लांबली तरी माल बहुतेक सगळा पोचतो.

मग तो माल उचलायचा कोणी, तर ९० टक्क्यांहून जास्त काम लिव्हरचं. तिथलं एक एन्झाइम अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं, आणि मग त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन विषय संपतो. यातला मधला टप्पा, ॲसिटाल्डिहाइड, हे खरं विष. मळमळ, चेहरा लाल होणं, छाती धडधडणं यात त्याचा मोठा हात, आणि ते पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतं, कॅन्सरचा संबंध तिथून सुरू होतो. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये ते दुसरं एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, एका ग्लासात चेहरा टोमॅटो होतो, अशी माणसं त्रासामुळे मुळातच कमी पितात. आणि तरीही रेटून पीत राहिली तर त्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खूपच जास्त.

आता महत्त्वाचं. लिव्हरचं हे काम एका ठरलेल्या वेगाने चालतं, मोठ्या माणसात तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, बस. रांगेत दहा माणसं असोत की शंभर, खिडकी एकच. कॉफी पाजा, गार पाण्याखाली उभं करा, लिंबू पिळा, पळवा, काही केलं तरी खिडकी तेवढ्याच वेगाने चालते. कॉफीने फक्त झोपलेला दारुडा जागा दारुडा होतो. म्हणजे तुमच्या मुलाने रात्री दहाला शेवटचा घोट घेतला असेल तर पहाटेपर्यंत त्याच्या रक्तात दारू होती, आणि सकाळी तो "एकदम फ्रेश" म्हणून गाडी घेऊन निघाला असेल तर ते फ्रेश किती खरं होतं कोण जाणे.

विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात एक साधं सूत्र मांडलं, किती ग्रॅम प्यायलात, वजन किती, किती तास झाले, त्यावरून रक्तातली दारू अंदाजे काढायची. तुमचा मुलगा ५५ किलोचा धरला आणि त्या तीन बिअर दोन तासांत संपवल्या असं धरलं तर १०० मिली रक्तात साधारण ७० ते ८० मिलीग्रॅम येतात. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा कुठल्या देशात ३० आहे, कुठे ५०, कुठे ८०. म्हणजे "चढलीच नाही" म्हणणारा हा मुलगा जगातल्या बहुतेक ठिकाणी पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकल्यावर अडकला असता.

मग त्याला चढली का नाही? खोटं बोलत होता का? नाही हो, बहुतेक खरंच बोलत होता आणि तेच तर सांगायचंय.

मेंदूत दोन मोठी यंत्रणा धरा, एक ब्रेक आणि एक ॲक्सिलेटर. ब्रेकच्या रसायनाचं नाव गाबा, ॲक्सिलेटरच्याचं ग्लूटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लूटामेटचा कमी करते, म्हणजे एकूणात मेंदू मंद करते, तिला उत्तेजक समजणं हा गैरसमज. सुरुवातीला जो उत्साह येतो तो अशासाठी की मंद होण्यात पहिला नंबर कपाळामागच्या भागाचा लागतो, जो भाग आपल्याला "नको, थांब, लोक काय म्हणतील" सांगत असतो. घरातला मास्तर झोपला की पोरं दंगा करतात तसं. वर डोपामिन सुटतं, म्हणून मजा येते. मग मागच्या बाजूचा तोलाचा भाग, पाय झोकांड्या खायला लागतात, जीभ जड. मग आठवण साठवणारा भाग. आणि सगळ्यात शेवटी मेंदूचा बुंधा, जिथून श्वास चालतो, आणि घशात काही गेलं तर ठसका लागतो तोही तिथूनच.

मोठ्या माणसाला या वाटेवर मध्ये मध्ये पाट्या लागतात. पाय लटपटले, पेंग यायला लागली, नको नको झालं, की माणूस थांबतो, नाहीतर निदान झोपून जातो. अठराच्या आतल्या पोरांत याच पाट्या उशिरा लागतात. उंदरांवर हे वारंवार दिसलंय, वयात येणाऱ्या उंदराला आणि मोठ्या उंदराला वजनाच्या मानाने सारखी दारू दिली तर लहान उंदीर कमी वेळ झोपतो, लवकर उठतो, आणि उठतो तेव्हा त्याच्या रक्तात मोठ्या उंदरापेक्षा जास्त दारू असते. १९८०च्या दशकात तर ८ ते १५ वर्षांच्या काही मुलांना देखरेखीखाली दारू देऊन पाहिली होती, आज कुठलीही एथिक्स कमिटी असल्या प्रयोगाला हो म्हणणार नाही, आणि संशोधकांनाच नवल वाटलं की मोठ्यांना चढेल एवढी मात्रा रक्तात असूनही पोरं बाहेरून फारशी झिंगलेली दिसत नव्हती.

तोल आणि झोप यांच्या बाबतीत पोरं दणकट, आणि आठवण साठवायच्या बाबतीत नेमकी उलटी. उंदरांच्याच प्रयोगांत शिकणं आणि लक्षात ठेवणं हे कोवळ्या वयात कमी दारूने जास्त बिघडतं असं दिसलंय. म्हणजे जी चिन्हं बघून थांबायचं ती उशिरा येतात आणि जे नुकसान डोळ्यांना दिसत नाही ते आधी होतं. अशा मुलाला मित्र म्हणतात "याची कपॅसिटी बघ", त्यालाही कॉलर ताठ करावीशी वाटते, पुढच्या वेळी ग्लास त्याच्याच हातात जास्त येतात.

अजून एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. मेलनबी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ साली दाखवून दिलं की रक्तातली दारू चढत असताना जेवढी झिंग जाणवते, तेवढ्याच पातळीवर ती उतरत असताना खूप कमी जाणवते. मेंदू दोन-चार तासांतच थोडा सरावतो. म्हणून पार्टीच्या शेवटी सगळ्यांना वाटतं की आता उतरली, चला निघू, आणि गाडीची चावी नेमकी तेव्हाच हातात येते. आणि मोजणार कोणाकडून तुम्ही, ज्या मेंदूने "चढली का" हे सांगायचं तोच तर भिजलेला आहे.

ब्लॅकआऊटबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण पालकांना हे माहीत नसतं. ब्लॅकआऊट म्हणजे बेशुद्ध पडणं नव्हे. माणूस चालतो, बोलतो, नाचतो, मेसेज करतो, गाडीसुद्धा चालवतो, फक्त मेंदूत त्यातलं काही सेव्ह होत नाही, कॅमेरा चालू आणि आत कार्डच नाही असं. दुसऱ्या दिवशी मित्र सांगतात तू असं केलंस आणि याला ते दुसऱ्याच कोणाबद्दल ऐकतोय असं वाटतं. दारू झपाट्याने ढोसली, तेही उपाशीपोटी, की हे होण्याची शक्यता वाढते. शॉट्सची पैज, पाईप लावून पिणं, असले खेळ याच रस्त्याने जातात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी "किती पितोस" हा प्रश्न नंतर विचारतो, आधी विचारतो की कधी असं झालंय का की रात्रीचा मधला तुकडाच आठवत नाही. या प्रश्नाला मुलं फार क्वचित खोटं बोलतात, कारण त्यांना स्वतःलाच त्याची भीती वाटलेली असते. तुम्हीही तुमच्या मुलाला हा एक प्रश्न शांतपणे विचारून बघा.

या वयातला मेंदू म्हणजे काम चालू असलेली इमारत. साधारण पंचविशीपर्यंत ते चालतं. नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, हव्या त्या तारांवर वेष्टण चढतं, आणि हे काम मागून पुढे सरकत जातं, सगळ्यात शेवटी कपाळामागचा भाग, तोच तो नको-थांब म्हणणारा. मजा, थरार, मित्रांची वाहवा यांचे भाग मात्र आधीच जोरात चालू झालेले असतात. म्हणजे इंजिन फुल, ब्रेकच्या वायरी अजून जोडल्या जातायत, आणि अशात आपण ब्रेकवरच काम करणारं रसायन ओततो. सतत जास्त पिणाऱ्या किशोरांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं काढले तर वरचा करडा थर न पिणाऱ्यांपेक्षा लवकर पातळ होताना दिसतो, आठवणीचा भाग आकाराने लहान असल्याचंही काही अभ्यासांत आलंय. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यातला काही फरक पिण्याच्या आधीपासूनच असू शकतो, आणि तीन बिअरने तुमच्या मुलाचा मेंदू आकसला असं अजिबात नाही, घाबरवायला लिहीत नाहीये. वारंवार आणि एका बसणीत भरपूर, हा जो पॅटर्न असतो त्याबद्दल बोलतोय. पोरं रोज पीत नाहीत, महिन्यातून दोनदा पितात, पण पितात तेव्हा गळ्यापर्यंत. मोठ्या पुरुषात दोन तासांत पाच ड्रिंक म्हणजे बिंज, एका बसणीतलं बेसुमार पिणं, धरतात, हे ड्रिंक म्हणजे अमेरिकन मापाचं, १४ ग्रॅमचं. पण मुलांच्या वजनाचा हिशोब केला तर १४-१५ वर्षांच्या मुलात चारच आणि मुलींमध्ये १७ वर्षांपर्यंत तीनच ड्रिंकला तेवढी पातळी येते. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, दारू पातळ व्हायला जागाच कमी, म्हणून मुलांच्या बरोबरीने ग्लास मोजणं त्यांना जास्त महागात पडतं.

बाकी अवयवांचं पटापट सांगतो. दारूने लघवी आवरणारं हार्मोन दबतं म्हणून सारखं जावं लागतं आणि सकाळी घसा कोरडा, डोकं ठणकतंय. झोप लागते लवकर पण स्वप्नांची झोप मोडते, म्हणून आठ तास झोपूनही अंग मोडून येतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, अंगात ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जात असते, थंडीत हे जिवावर बेततं. लिव्हर दारूच्या मागे लागलं की नवीन साखर बनवायचं काम बाजूला पडतं, आणि काही न खाता प्यायलेल्या कोवळ्या पोराची साखर एकदम खाली येऊ शकते, कॅज्युअल्टीत दारू प्यायलेलं पोर आलं की आधी साखर तपासतात ते यासाठी. एका बसणीत खूप प्यायल्यावर हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं याला १९७८ पासून हॉलिडे हार्ट असं नावच आहे. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पिणं वाईट, कॅफीनने पेंग येत नाही आणि माणूस अजून पितो. आणि कुठूनतरी आणलेली, बिनलेबलची, कोणीतरी घरी गाळलेली दारू असेल तर त्यात मिथेनॉल असू शकतं, तेच लिव्हर, तेच एन्झाइम, पण त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळे कायमचे जातात, नाहीतर जीव. चवीवरून ते ओळखता येत नाही.

लिव्हरचं मोठं आजारपण, सिऱ्होसिस, ते सोळाव्या वर्षी होत नाही, त्याला बहुतेक वेळा वर्षानुवर्षं लागतात. त्याआधी चरबी साठते, ती दारू पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत उतरूही शकते. लिव्हरला आतून दुखतच नाही, त्यामुळे निम्मंअर्धं खराब होईपर्यंत माणूस ठणठणीत फिरतो. आणि कॅन्सर, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात टाकलं, जिथे तंबाखू आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी संबंध पक्का. पण खरं सांगू का, सोळा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या कॅन्सरची भीती घालून काही होत नाही, मी हे करून बघितलंय आणि हरलोय. त्याला चाळीस हे वयच खरं वाटत नाही. संघटनेच्याच आकड्यांनुसार २०१९ साली जगात दारूमुळे २६ लाख मृत्यू झाले आणि त्याचा फटका २० ते ३९ वयातल्यांना त्या वयाच्या मानाने फार मोठा. अपघात, मारामाऱ्या, बुडणं, आत्महत्या, तरुण मुलांच्या बाबतीत दारू मारते ती बहुतेक अशी, लिव्हरपर्यंत गोष्ट जातच नाही.

आता बाबांचा मुद्दा. त्यांचा हेतू चांगला आहे, घरात पिऊन शिकेल, बाहेर वेड्यासारखा पिणार नाही, हे ऐकायला पटतंही. पण तपासून बघितलं तर तसं निघत नाही. ऑस्ट्रेलियात १९००हून जास्त मुलांना सहा वर्षं फॉलो केलं, २०१८ साली निकाल आले. आईवडिलांनी दारू दिल्याचा फायदा कुठेच दिसला नाही, उलट ज्यांना घरातून मिळत होती ती पुढे बाहेरूनही जास्त मिळवायला लागली आणि एका बसणीत जास्त पिणं, त्यातून होणारे त्रास, हेही त्यांच्यात जास्तच. माझ्या अनुभवात मुलगा घरातून लिमिट शिकत नाही, परवानगी शिकतो. आणि लिमिट शिकवायचं तरी कसं, त्याच्या पाट्याच उशिरा लागतात हे आत्ताच बघितलं ना, बाबा त्यांच्या पंचेचाळीस वर्षांच्या मेंदूच्या पाट्या दाखवणार आणि तो त्याच्या सोळा वर्षांच्या रस्त्यावर शोधणार.

उशीर, हाच इथे खरा नफा. १९९७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ज्यांनी १५ वर्षांच्या आत प्यायला सुरुवात केली त्यांच्यात पुढे आयुष्यात केव्हातरी दारूचं अवलंबित्व आलेले ४० टक्क्यांहून जास्त, आणि ज्यांनी २० नंतर सुरुवात केली त्यांच्यात १० टक्क्यांच्या आसपास. यात थोडी मेख आहे, लवकर सुरू करणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात, घरात पिणारं कोणी असेल, स्वभाव धाडसी असेल, व्यसनाचा निम्मा धोका तर आनुवंशिकच असतो. त्यामुळे सगळं पाप लवकर सुरू करण्याच्या माथी मारता येत नाही. पण तरी दोन-तीन वर्षं लांबवता आलं तर ती कारणी लागतात असंच माझं मत आहे. तुमच्या किंवा त्यांच्या घरात कोणाला दारूचं व्यसन होतं का हे मुलाला मोकळेपणाने सांगा, लपवू नका, शुगर-बीपीची हिस्ट्री सांगतो तशी ही पण हिस्ट्रीच आहे. आणि ज्याच्या घरात ही हिस्ट्री आहे त्या पोराला "मला चढत नाही" वाटणं हे जास्तच सावध व्हायचं कारण. दारुड्या वडिलांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत हेच सापडलं होतं, ज्यांना तरुणपणी कमी चढायची त्यांच्यातलेच पुढे जास्त अडकले.

लांबवता येतं का, तर येतं, आइसलँडने करून दाखवलं. १९९८ साली तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं गेल्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायली होती, २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. भाषणं कमी केली, त्याऐवजी खेळ आणि गाणं-वाजवण्यासाठी सरकारी पैसे, रात्री उशिरा लहान मुलांनी एकट्याने बाहेर नसावं असा नियम, आणि आईवडिलांनी आपापसात करार केले की कोणाच्याच घरी पोरांना दारू द्यायची नाही. हे शेवटचं तुम्हाला लगेच करता येईल, त्या वाढदिवसाच्या बाकी पोरांच्या आयांना फोन लावा, अवघड वाटेल पण त्यांनाही तुमच्याइतकीच झोप लागली नसेल.

लिव्हरची टेस्ट नका करू. एकदा तीन बिअर प्यायलेल्या मुलाची ती नॉर्मलच येणार, आणि मग तोच कागद तो तुम्हाला सर्टिफिकेट म्हणून दाखवेल. डॉक्टरकडे केव्हा आणायचं ते सांगतो. आठवणीत गॅप पडत असतील, एकटा पीत असेल, झोप यावी किंवा भीती जावी म्हणून पीत असेल, आधी दोनमध्ये व्हायचं तिथे आता पाच लागतात असं असेल, किंवा अभ्यास, मित्र, मूड सगळंच एकदम बदललं असेल. दारूच्या मागे नैराश्य किंवा चिंतेचा आजार लपलेला बऱ्याचदा सापडतो, मग नुसतं दारूवर ओरडून उपयोग नसतो, मूळ आजाराला औषध लागतं. आणि तो जर कसली झोपेची, फिटची, मनाची गोळी घेत असेल तर एक घोटही नको, दोन्ही मिळून श्वासच बंद पाडू शकतात.

त्याच्याशी बोलाल तेव्हा वास येत असताना बोलू नका, दुसऱ्या दिवशी बोला, आणि एक गोष्ट आधीच कबूल करा, की रात्री कितीही वाजता फोन केलास तरी मी न्यायला येईन आणि गाडीत एक शब्द बोलणार नाही, जे बोलायचं ते सकाळी. मग ते पाळा. माझ्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट केसेसमध्ये पोरांनी फोन करायला उशीर केलेला असायचा, का, तर घरी कळेल म्हणून. सतरा वर्षांचा एक मुलगा आठवतो, मित्रांनी त्याला "झोपू दे, उतरेल" म्हणून उताणा झोपवला आणि तीन तास आपापले मोबाईल बघत बसले. शेवटचे ग्लास अजून पोटातच होते, झोपल्यावरही रक्तातली दारू चढतच राहिली, उलटी झाली ती फुप्फुसात गेली. तो वाचला, पण व्हेंटिलेटरवर बरेच दिवस काढून.

तुमच्या मुलाला मी दारूचे तोटे सांगणार नाही, त्याला हे शिकवेन. हलवून, चिमटा काढूनही जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांची गॅप, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झोपेतच उलटी, किंवा फिट, यातलं एक जरी दिसलं तरी ॲम्ब्युलन्स, वाट बघायची नाही, सगळी एकदम दिसायची तर नाहीच नाही. एकटं सोडायचं नाही. घशात बोटं घालून ओकायला लावायचं नाही, कॉफी नाही, थंड पाणी नाही. काय प्यायला, किती, सोबत कुठली गोळी, हे डॉक्टरांना खरं सांगायचं. आज संध्याकाळी त्याला हॉलमध्ये जमिनीवर बाबांना झोपवायला सांगा आणि कुशीवर वळवून दाखव म्हणा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवायचा म्हणजे अंग पालथं पडत नाही, वरचा हात गालाखाली, मान किंचित मागे, तोंड जमिनीकडे कललेलं म्हणजे उलटी झाली तरी बाहेर येईल. पहिल्यांदा दोघंही हसतील, हसू द्या, दोन-तीनदा करायला लावा. बाबांचं वजन जास्त असेल तर बरंच, त्याचा मित्र बेशुद्ध असेल तेव्हा तोही तेवढाच जड लागणार आहे.